चिमनाबाईची पाळत

जंगल कचेरीचा शिक्क्याचा हातोडा मी माझ्या दीड वर्षाच्या पोराला खेळायला दिला.

हे वाक्य वाचून जंगल खात्यातला जुना माणूस खुर्चीवरून उठून उभा राहील. बाकीच्यांसाठी सांगतो. तोडलेल्या सागाच्या बुंध्यावर या हातोड्याचा ठोका पडला की माल कायदेशीर, नाहीतर चोरीचा. तो एखाद्या लबाड ठेकेदाराच्या हाती लागला तर अख्खं जंगल कायदेशीर होऊन गाड्यांवर चढेल आणि ज्या कारकुनाच्या ताब्यातून गेला तो घरी तरी बसेल, नाहीतर तुरुंगात. हे सगळं मला ठाऊक होतं. पण डाक निघायला आली होती, विनू टाहो फोडत होता, आणि रेंजर साहेबांनी नुकताच आणून ठेवलेला हातोडा तेवढा हाताशी होता. तो मिळताच पोरगं असं गप्प झालं, की मी स्वतःच्या अकलेवर खूश झालो.

पण मला सांगायचंय ते चिमनाबाईबद्दल.

चामोर्शीच्या पलीकडे आमची कचेरी होती. पुढल्या खोलीत सरकार, मागल्या दोन खोल्यांत मी, मधे एक दार. माझी बायको कुसुम वर्षभरासाठी चांद्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेलेली. तिथल्या वसतिगृहात लेकराला जागा नव्हती. "मी सांभाळतो की, त्यात काय एवढं!" असं मी मोठ्या तोंडाने म्हणून बसलो होतो. सकाळी विनूला खिमट भरवायचं, मग धोतराच्या टोकाने टेबलाच्या पायाला बांधायचं आणि कागद लिहायचे. माझ्या कित्येक कागदांवर सरकारी शिक्क्याशेजारी खिमटाचाही शिक्का उमटलेला असे.

चिमनाबाई मागच्या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, काठी राहून मासे धरणारी ढिवरीण. उन्हाने रापलेली, काटकुळी, एक डोळा कायम बारीक केलेला. जगात प्रत्येक गोष्टीच्या मागे दुसरी काहीतरी गोष्ट लपलेली आहे, असं तिचं पक्कं मत होतं. दूध आलं की ती हुंगायची, बोटावर घेऊन चाखायची आणि तरीही "पाहू" म्हणायची. पहिल्या दिवशी मी विनूला धूत असताना ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"लेकरू कोणाचं व्हय, बाबू?"

"माझंच."

"मंग याची माय कुठी हाय?"

"चांद्याला. शिकायला गेलीय."

ती आधी हसली, मग हसू गिळून एक डोळा बारीक केला. "माय शाळेत जाते आन् बाप लेकरू धुते? मले त काई पटत नाई."

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारची विनूला सांभाळायला येऊ लागली. मला वाटलं, दया आली. दया कसली! मी हे पोर कुठून पळवून आणलंय याचा छडा लावायला ती येत होती. मी ओसरीत आलो की विनूला हळूच विचारायची, "हा तुहा बापच हाय ना रे?" विनू तेव्हा सगळ्यांनाच "बा" म्हणे, गाईलासुद्धा. तिचा संशय काही फिटेना.

तर त्या दिवशी डाक रवाना करून मी मान वर केली. टेबलाच्या पायाला नुसतं धोतर. गाठ सुटलेली. आत धावलो तर चिमनाबाई विनूचं अंग पुसत होती.

"हे मोरीत जाऊन बसलं होतं, बाबू. मंग घातली आंघोळ."

"हातात काही होतं का त्याच्या?"

"काय होतं?" तिचा डोळा लगेच बारीक.

"काही नाही," मी म्हणालो. हातोडा हरवला म्हणावं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कानावर. सणामुळे कूपातली, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलातली, झाडतोड बंद होती म्हणून आठवडाभर त्याची आठवण कुणाला होणार नव्हती. पण सोमवारी चांद्याचे मोठे साहेब तपासणीला यायचे होते, आणि ते आधी हातोडा मागत. नोकरी गेली असती तर कुसुमलाही ट्रेनिंग अर्ध्यावर टाकून यावं लागलं असतं.

मी टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, विनूच्या तोंडातही पाहिलं. मग विचार करू लागलो, आणि तिथेच घात झाला. घरात आलं कोण? चिमनाबाई. इथल्या लाकूड ठेकेदाराच्या गाड्या कुणाच्या झोपडीपाशी थांबतात? चिमनाबाईच्या. त्याच्या मुनशीला मासे देताना हळू आवाजात बोलतं कोण? संशय हा खरजेसारखा असतो. तिच्याजवळ बसून बसून तो मलाही लागला होता. त्यातच मोरीतलं पाणी तुंबायला लागलं. रोज घोटाभर पाण्यात उभा राहून मी आंघोळ करी आणि मनात म्हणे, बघा, भांड्यांची राखसुद्धा मोरीत ढकलते ही बाई. हिचा काय भरवसा!

मी तिच्यावर पाळत ठेवू लागलो. ती बोडीवर निघाली की मागे मी. एकदा ती गर्रकन वळली.

"माया मांगं मांगं काऊन फिरून राह्यला बाबू? माये केस पिकले, दिसते ना तुले?"

शेवटी शुक्रवारी ती जाळं घेऊन गेलेली पाहून मी तिच्या झोपडीत शिरलो. विनू कडेवर होताच. चोरीलाही त्याला न्यावं लागे, घरी ठेवणार कुणापाशी? कोपऱ्यात झाकलेलं मडकं दिसलं. लपवायला याहून चांगली जागा कोणती? घातला हात.

त्यात जिवंत मांगूर ठेवलेले होते.

या माशाच्या पंखापाशी काटा असतो, आणि तो लागला की विंचू बरा वाटतो. मी ओरडलो, विनू टाळ्या वाजवू लागला. तसाच कचेरीत परतलो. तासाभराने चिमनाबाई तिथे आली तेव्हा माझा हात पावासारखा फुगला होता.

"काय झालं?"

"दौतीचं झाकण लागलं."

तिने हात उलटा केला, काटा रुतल्याची खूण पाहिली. "तुया दौतीत मांगूर पोसून राह्यला का?" मग सोसवेल तितक्या गरम पाण्यात माझा हात बुडवून धरला आणि उलटतपासणी सुरू केली. शेवटी तिनेच निकाल दिला, "मासे खायाचे होते त मांगाले काय झालं होतं? मासा गढूळ पाण्यात नाई फसत, बाबू. निवळ पाण्यात त्याले वाटते आपल्याले सारं दिसते, आन् तिथंच फसते. तुयासारखा."

आमचं घर पिढ्यानुपिढ्या माळकरी. पण हातोडा हरवल्याच्या बोभाट्यापेक्षा मासेचोर म्हणवून घेणं परवडलं. मी मान डोलावली. गावभर झालं: बाबू चोरून मासे खाते. संध्याकाळी चिमनाबाई झाकून माशाचं कालवण घेऊन आली आणि समोर बसली. मी खात नसलो तर मग झोपडीत कशाला शिरलो होतो, हा प्रश्न तिच्या बारीक डोळ्यात स्पष्ट दिसत होता. खाल्लं. खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

शनिवारी, काही न कळवता, कुसुम आली. दारातच तिने नाक वर केलं. "घरात मासे कुणी आणले?"

मी काही सांगण्याआधी चिमनाबाई पुढे झाली. कुसुमभोवती एक फेरी मारली, दंडाला बोट लावून पाहिलं. विनू कुसुमकडे झेपावला, गळ्याला मिठी घालून हुंदके देऊ लागला. चिमनाबाईचे दोन्ही डोळे मी पहिल्यांदाच पूर्ण उघडलेले पाहिले.

"खरीच हाय वं माय तू," ती पुटपुटली. "मले वाटे, यानं तुले मारून पुरलं का काय."

कुसुम हातपाय धुवायला मोरीत गेली. तिथूनच हाक आली. "अहो, हे पाणी किती दिवस तुंबलंय?"

"आठवडा झाला. राखेनं."

"मायी राख?" चिमनाबाई कडाडली. "मी भांडे बोडीवर घासतो!"

कुसुमने बाहेरून पन्हळाच्या भोकात बांबू घातला आणि जोर लावला. आत मोरीत घळ्ळकन आवाज झाला. आधी विनूचा लाकडी बैल आला, मग माझा हरवलेला चमचा, आणि शेवटी दांड्यासकट सरकारी हातोडा. विनू आनंदाने किंचाळला. सगळ्या आवडत्या वस्तू त्याने एका ठिकाणी नीट जपून ठेवल्या होत्या.

"हा याच्या हातात कुणी दिला?" कुसुमने विचारलं.

मी सुजलेला हात मागे लपवला. चिमनाबाईने तो हात पाहिला, हातोडा पाहिला, स्वतःच्या झोपडीकडे पाहिलं, आणि तिला सगळं उमगलं. मला वाटलं, आता शिव्या पडतील. पण हातोडा पदराने कोरडा पुसून तिने माझ्या नव्हे, कुसुमच्या हातात दिला. संध्याकाळी कालवण मात्र आलं नाही. पुढे कित्येक दिवस आलं नाही, आणि मला मागायचं तोंड नव्हतं.

सोमवारी मोठे साहेब आले. हातोडा बघून म्हणाले, "वा, चकचकीत ठेवलाय!"

पुढल्या वर्षी कुसुमला मास्तरणीची नेमणूक मिळाली, पाठोपाठ माझी बदली झाली. छकडा जुंपून तयार होता. चिमनाबाई आली, आणि तिच्या हातात झाकलेलं मडकं पाहून मला भरून आलं. तिने ते माझ्यासमोरून नेऊन कुसुमच्या पायाशी ठेवलं, विनूच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी वाकून पाया पडलो. तिने आशीर्वाद दिला नाही. एक डोळा बारीक करून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कुसुमला म्हणाली,

"बाई, पोट्टा तुहा शायना हाय, त्याले एकटं सोडलं तरी चालते. याले नोको सोडू."