रशीदभाईचे जोड

हे मी घरातही कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, भावाले नाही. आज तुले सांगून राह्यलो — मधात थांबलो तं थांबू दे, या गोष्टीत पुढं सरकाले वेळ लागते मले.

माझं काम तुले ठाऊक नसन. राळेगावकडं पाण्याची मोठी लोखंडी पाइपलाइन टाकणं चालू होतं, तिच्यावरचं कोटिंग मी तपासत होतो. लोखंडाले माती लागली की गंज धरते, म्हणून वरून प्लास्टिकचा थर. त्या थरात सुईएवढं भोक असलं तं डोळ्याले दिसत नाही. म्हणून विजेचा पितळी ब्रश वरून फिरवाचा. भोक आलं की चट्कन ठिणगी उडते अन् मशीन बोंबलते. साइटवर याले हॉलिडे टेस्ट म्हणतात. काहून म्हणतात, देव जाणे — सुट्टी तं मले कधी भेटली नाही.

थर जाड असला तं व्होल्टेज जास्त ठेवा लागते, पातळ असला तं कमी. पातळ थरावर जास्त ठेवलं, तं वीजच चांगल्या थराले भोक पाडते. हे मले माहीत नव्हतं असं नाही. पोटापाण्याची विद्याच ती माझी.

रशीदभाई पांढरकवड्याचा. दोन पाइपांचा जोड वेल्डिंग झाला की त्यावर पट्टी गुंडाळाचं काम त्याचं. हात असा सफाईचा, की पट्टीवर एक सुरकुती सापडन तं शपथ. दुपारी आम्ही एकाच झाडाखाली डबे उघडत होतो, माझ्या घरचा ठेचा त्याले लय आवडे.

त्या दिवशी सकाळी मी कारखान्यातून आलेले जाड थराचे पाइप तपासले. जेवण झाल्यावर रशीदभाईच्या जोडांवर आलो. तिथं पट्टी पातळच राह्यते. बाजूले मोठे साहेब उभे. पहिल्याच जोडावर मशीन बोंबललं. मग दुसऱ्यावर. पुढं तं नुसत्या ठिणग्या. अन् खरं सांगू? मले मजा आली. साहेबासमोर चुका सापडून राह्यल्या होत्या ना! मी खडूनं गोल मारत गेलो, आवाज चढवत गेलो. रशीदभाई जवळ येऊन हळूच म्हणे, "भाऊ, एक बार फिरसे देखो ना. मेरा हाथ ऐसा नहीं है." मी खेकसलो त्याच्यावर — मशीन खोटं बोलते का?

साहेबानं त्याले लगेच कामावरून काढलं.

संध्याकाळी मशीन बंद कराले गेलो, तं व्होल्टेजचं बटन सकाळच्याच आकड्यावर. कमी कराचं मीच विसरलो होतो. बाप्पा! रशीदभाई समोर पिशवी भरत बसला होता, साहेबाची गाडीही उभी होती. एक वाक्य बोलाचं होतं फक्त. काय केलं मी? बटन शून्यावर आणलं अन् मशीन पेटीत ठेवलं. भ्यालो. नोकरीले भ्यालो, साहेबाच्या तोंडाले भ्यालो. मग दुसऱ्या माणसानं ते जोड नव्यानं गुंडाळले, मी बरोबर व्होल्टेजवर तपासले, अन् एकही ठिणगी उडाली नाही. झालं — रशीदभाईचाच हात खराब, हे साऱ्या साइटले पटलं.

इथपर्यंत सांगणं तरी सोपं होतं.

गेल्या उन्हाळ्यात तो पांढरकवड्यात भेटला. मेव्हण्याच्या दुकानात मंडप-खुर्च्या भाड्यानं देते. मी आता सुपरवायझर. वाटलं, काम देतो याले, म्हणजे फिटलं. म्हटलं, परत या. तो म्हणे, "नको भाऊ. माझ्या हाताचा मलेच भरोसा नाही राह्यला. कोण्या गावाचं पाणी फुटन माझ्यापायी." मंडपाची गाठ मारली तरी दुसऱ्याले ओढून पाहाले लावतो, म्हणे. मग मान खाली घालून म्हणे, "त्या दिवशी तुमच्या मशीनवर शक घेतला मी. माफ करजा."

तेव्हा तरी बोलाचं होतं ना? दुकानात आम्ही दोघंच होतो. साहेब नाही, नोकरीचं भेव नाही.

मी म्हटलं, "जाऊ द्या रशीदभाई, होते माणसाकडून. मी तं कधीच माफ केलं तुम्हाले."

त्याच्या डोळ्यात पाणी आलं. त्यानं माझे दोन्ही हात धरले. मी धरू दिले.