शेवटची आरती आधी

गणपतीत आमच्या लाखनीच्या घरी आरत्यांची जुनी सीडी लागायची. यंदा प्लेअर बिघडला, म्हणून मी तोच अल्बम मोबाइलवर लावला. फुकटातल्या अ‍ॅपने आरत्यांचा क्रम मनाला येईल तसा लावला आणि सुरुवातीलाच समारोपाची प्रार्थना वाजली. आरतीला जमलेल्या शेजाऱ्यांनी खुशीत हात जोडले, मोदक उचलले आणि ते घरी गेले. मग पहिली आरती सुरू झाली, तेव्हा देवापुढे मी आणि काकाच उरलो होतो.

"काहून रे, देव बसला नाही अन् तू त्याले वाटेले लावून राहिला?" काका भडकले.

"काका, आजकाल अख्खा अल्बम कोण ऐकते?"

"गणपती ऐकते ना!"

दुसऱ्या दिवसापासून काकांनी सगळ्या आरत्या स्वतःच म्हटल्या. भयंकर बेसूर, पण क्रमाने. मी निमूट टाळ्या वाजवल्या.