बायजीचा अर्धा पिक्चर

बायजीने आयुष्यात एकही पिक्चर सलग पाहिलेला नाही. सांगितलेत मात्र इतके की विचारू नका.

आता यात तिचा काही दोष नाही. झाईच्या अलीकडे, समुद्राचा वारा येईल इतक्या अंतरावर एक चिकूची वाडी आहे. आठवडाभर बायजी तिथे शेडमध्ये चिकू निवडते, आणि मालकमंडळी शनिवारी मुंबईहून आली की बंगल्यावर स्वयंपाकाला जाते. मालकांची लेक हर्षदाबेन, तिला खुनाखुनीच्या पिक्चरचं भारी वेड. भरदुपारी पडदे ओढून, खोलीत काळोख करून बघत बसते. स्वयंपाकघराच्या दारातून जेवढं दिसेल तेवढं बायजीचं. डाळ उकळली की आत पळायचं, फोडणी देऊन परत यायचं. तेवढ्यात पडद्यावरचा एक माणूस कमी झालेला असायचा. कोणी मारला, कशाला मारला, ते डाळीलाच विचारावं लागे.

पण बायजी डाळीवर अवलंबून राहणारी बाई नव्हे. जे दिसलं नाही ते ती मनाने घालायची, आणि सोमवारी दुपारी शेडमध्ये अख्खा पिक्चर उभा करायची. भाकरी खाऊन झालेली असायची, ऊन पत्र्यावर तापलेलं, पिकायला घातलेल्या चिकूंचा गोड वास इतका दाटलेला की बायांचे डोळे आपोआप मिटायचे. निम्म्या ऐकायच्या, निम्म्या झोपेत ऐकायच्या. त्या वासात आणि त्या झोपेत पिक्चरमधली माणसं शेडमध्येच फिरत असल्यासारखी वाटायची. संगीता तर एकदा झोपेतच म्हणाली होती, साहेबांना पाणी द्या गं कोणी तरी.

बायजीची एकच अट असे. हुंकारा पाहिजे. तिचं माहेर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेला. तिथे तिचा बाप गोष्ट सांगायला बसला की कोणी तरी एकाने ‘हं, हं’ म्हणायचंच. हुंकारा थांबला की समजायचं, ऐकणारा गेला. गोष्ट आहे तिथेच ठेवून द्यायची. शेडमध्ये हुंकारा द्यायचं काम जिवलीचं. बायजी आणि जिवली एकाच पाड्यावर नांदायला आलेल्या, एकाच टमटममधून रोज वाडीवर येणाऱ्या. जिवली डोळे मिटून, गुडघ्यावर हनुवटी ठेवून ‘हं’ म्हणायची, तेव्हा बायजीला आपण कोणी तरी मोठी आहोत असं वाटायचं. खोटं कशाला बोलावं, दिवसभरात तेवढ्या एका वेळेलाच वाटायचं.

या जिवलीची पोरगी रविना. सिनेमातलं नाव आईने हौसेने ठेवलेलं. ती राज्याच्या सीमेपलीकडच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली, एका शनिवारी घरी यायला निघाली आणि आलीच नाही. दोन दिवाळ्या झाल्या. पोलीस चौकीवर सांगितलं, मुलगी सज्ञान आहे, गेली असेल स्वतःच्या मर्जीने. पोरगी मेली म्हणून रडावं, तर ती कुठे तरी जिवंत असेल. जिवंत म्हणून वाट बघावी, तर कुठल्या रस्त्याकडे बघावं? अशी जिवली मधल्यामध्ये अडकली होती. पाड्यावर कोणी तिच्यासमोर रविनाचं नाव काढत नसे.

तर त्या सोमवारी बायजीने नवा पिक्चर काढला.

“एक माणूस आहे,” ती म्हणाली, “तोंड दिसतच नाही त्याचं. जिन्यावर ओले पाय उमटतात. वर गेलेले दिसतात, खाली आलेले नाहीत.”

“हं,” जिवली म्हणाली.

“तो पोरींना मारत सुटलाय. एक झाली, दुसरी झाली. त्याच्या मागावर एक साहेब. हा साहेब काय करतो, तर मेलेल्या पोरीच्या घरी जाऊन बसतो. काही विचारत नाही. आई चहा करते, तो पितो. कप खाली ठेवताना आवाज होऊ देत नाही.”

“हं.”

“आणि याच्या घरात एक मोठी भिंत आहे. तिच्यावर त्या पोरींचे फोटो, आणि एकीपासून दुसरीला तांबडा दोरा ओढलेला.”

हर्षदाबेनला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की ही तपासाची भिंत. पण विचारतंय कोण? बायजीला ती भिंत दिसताक्षणी कळली होती. लग्नाच्या घरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, तसा तो चौक. चौक मांडला की ज्यांना बोलवायचं ते येऊन बसतात. “साहेबाने गेलेल्या पोरींना बोलवायला चौक मांडलाय,” बायजी म्हणाली. “तो रोज संध्याकाळी दिवा लावून समोर बसतो. म्हणतो, या गं, सांगा मला.”

सगळ्या बाया एकदम जाग्या झाल्या. त्यांना साहेब आवडला. असा साहेब त्यांच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता.

“मग खाडीला ओहोटी लागते,” बायजी रंगात आली. “चिखलात पोरीच्या चपला, एकीला एक लावून ठेवल्यासारख्या. आणि पलीकडे ती.”

इथे खरं सांगायचं तर बायजी पुऱ्या तळत होती. पोरगी तिने पाहिलीच नव्हती. पण गोष्टीतल्या पोरीला काही तरी अंगावर नको का? जिभेवर आलं ते ती बोलून गेली. “एकाच पायात पैंजण. दुसरा पाय रिकामा.”

हुंकारा आला नाही.

आपण काय बोललो ते बायजीला तेव्हा कळलं. महालक्ष्मीच्या जत्रेत रविनाचं एक पैंजण हरवलं होतं, आणि पोरीने दुसरं काही केल्या काढलं नव्हतं. एका पायाने छुमछुम करत पाड्यावरून जायची. अख्ख्या पाड्याला तो आवाज माहीत होता.

“कुठली खाडी?” जिवलीने विचारलं. डोळे उघडे होते.

“पिक्चरमधली गं.”

“पिक्चर कुठे तरीच काढतात ना. कुठली खाडी?”

“जिवले, मी मनाने घातलं ते पैंजण. मी बघितलंच नाही. पुऱ्या तळत होते, तुझी शपथ.”

“तू चांगली आहेस म्हणून असं बोलतेस,” जिवली म्हणाली, आणि चिकू निवडायला बसली.

तो आठवडा कसा गेला ते बायजीलाच माहीत. टमटममध्ये जिवली शेजारी बसायची आणि खाडीवरचा पूल आला की मान वळवून खाली बघत राहायची. डबा तसाच परत न्यायची. बायजी रोज शपथा घ्यायची, आणि रोज तिचं खरं बोलणं जिवलीला खोटं वाटायचं. स्वतःच्या जिभेचा बायजीला इतका राग आला की तिने शेडमध्ये तोंड उघडणंच सोडलं. मला म्हणाल, तर बाईला एवढी शिक्षा पुरे होती. पण जिवलीचं काय?

शनिवारी ती जिवलीला हाताला धरून बंगल्यावर घेऊन गेली.

“बेन, तो खाडीचा पिक्चर परत लावता? हिला बघायचाय.”

हर्षदाबेनने दोघींकडे पाहिलं, काय समजायचं ते समजली आणि पडदे ओढले. बायजीने गॅस बंद केला. जिवली सोफ्यावर बसेना. लादीवर बसली, गुडघ्यावर हनुवटी ठेवून, शेडमध्ये बसते तशी.

खोलीत निळा उजेड हलत राहिला. ओले पाय जिना चढले. साहेबाने चहा घेतला. बायजीने या वेळीही पिक्चर पाहिला नाही. ती जिवलीचं तोंड पाहत होती, आणि त्या तोंडावर येणाऱ्याजाणाऱ्या उजेडावरून आता काय चाललंय ते ओळखत होती. मग तो उजेड राखाडी झाला. खाडी आली.

जिवली पुढे सरकली.

“पाय रिकामे आहेत,” ती म्हणाली. “दोन्ही. माझी नाही.”

बायजीने पदराने तोंड दाबून धरलं. तिला रडायचं होतं, पण आवाज होऊ द्यायचा नव्हता.

पुढे भिंत आली तेव्हा जिवलीने हात वर केला. “बेन, थांबवा.” ती उठून टीव्हीपाशी गेली आणि एकेक फोटो बघू लागली, बोट न लावता. “कोणाच्या कोणाच्या पोरी या,” ती पुटपुटली.

“मावशी, त्या नट्या आहेत,” हर्षदाबेन हळूच म्हणाली. “मेल्याचं काम केलंय नुसतं. जिवंत आहेत.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

जिवलीने परत एकदा सगळ्यांकडे पाहिलं. “घरी गेल्या असतील मग,” ती म्हणाली, आणि बसली.

शेवटी तो माणूस पकडला गेला. साहेबाने भिंतीवरचे फोटो काढले, दोरा गुंडाळला, खोक्यात भरून खोकं कपाटावर ठेवलं आणि दिवा मालवून निघून गेला. हर्षदाबेनने पडदे बाजूला सारले. बाहेर लख्ख ऊन होतं, तिघींचे डोळे दिपले.

परतीच्या वाटेवर जिवली एवढंच बोलली, “फोटो कशाला काढले त्याने?”



सोमवारी भाकरी खाऊन झाल्यावर जिवली आपल्या जागेवर येऊन बसली, गुडघ्यावर हनुवटी ठेवली. “सांग,” ती म्हणाली. “अर्धा राहिलाय.”

बायजीने आठवडाभर शेडमध्ये तोंड उघडलं नव्हतं. पण सगळ्या वळून बघत होत्या. “मग,” ती म्हणाली, “तो माणूस सापडला. बेड्या घातल्या त्याला.”

“हं.”

“मग साहेबाने भिंतीवरचे फोटो काढले.”

हुंकारा नाही. पत्र्यावर कावळा चालला तो ऐकू आला. चिकूंचा वास दाटला होता, संगीताचे डोळे मिटत आले होते. बायजी थांबली. गोष्ट आहे तिथे ठेवून द्यायची ती वेळ आली होती. तिने जिवलीकडे पाहिलं आणि गोष्ट परत उचलली.

“एक नाही काढला,” ती म्हणाली. “एका पोरीचा. तिच्या एकाच पायात पैंजण. ही मेलेल्यांतली नव्हे, ही नुसती सापडायची राहिलीय. बाकीचे म्हणाले, साहेब, झालं आता, घरी जा. साहेब म्हणाला, कसं जाऊ, ही राहिलीय ना अजून. त्याने चपला घातल्या आणि स्टेशनला गेला. प्रत्येक गावात उतरतो, प्रत्येक कंपनीच्या दारात उभा राहतो, आणि कान देऊन ऐकतो.”

“काय ऐकतो?” संगीताने झोपेतच विचारलं.

“एका पायाचा आवाज.”

जिवलीने डोळे मिटले.

“हं,” ती म्हणाली.