परत आलेली डाळ

डाळीच्या बादल्या परत आल्या. भरलेल्या. वरचा फोडणीचा थरसुद्धा हललेला नव्हता.

मी पाकशालेच्या दारातच उभी होते. जेलच्या स्वयंपाकघराला आमच्याकडे पाकशाला म्हणतात. बादल्या घेऊन आलेला नंबरदार, म्हणजे कैद्यांमधूनच नेमलेला मुकादम, माझ्याकडे बघत नव्हता.

"क्या हुआ? कच्ची है?" मी विचारलं.

"नहीं मैडम. दाल तो अच्छी है. बैरक नहीं ले रही."

एवढं बोलून तो फरशीकडे बघत राहिला. थोड्याच वेळापूर्वी याच दारात त्यानं मला वाटीत डाळ आणून दिली होती. मी चाखली होती, मान डोलावली होती, आणि मग बादल्या भरल्या गेल्या होत्या. रोजच्यासारखंच.

मी त्या बराकीत गेले. मध्ये घडी केलेल्या कांबळ्यावर सेठ बसले होते. मल्हारगंजातलं जुनं व्यापारी घराणं, जमिनीच्या फसवणुकीची केस. खटला चालू होता, म्हणजे कच्चा कैदी. बाहेर सेठजी, आत सगळ्यांचे 'बडे भिया', म्हणजे थोरले भाऊ. मला बघून ते उठले. हात जोडले. हसले.

"मैडम जी, आपसे कोई शिकायत नहीं. आप तो बहुत भली हैं. बस, आप चखा मत करो. हम लोगों में नहीं चलता."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीचं काय करायचं ते मला शिकवलेलं आहे. हात जोडून केलेल्या अपमानाचं काय करायचं, ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

बराक बघत होती. माझ्याबरोबर आलेले शिपाई बघत होते. मी जेलची अधीक्षक. माझ्या सहीशिवाय इथलं पान हलत नाही. आणि मी एवढंच म्हणाले, "डेप्युटी साहब देख लेंगे."

म्हणाले आणि वळले. चालताना पाठीत सगळ्यांचे डोळे लागत होते. एवढी लाज मला शाळेतही वाटली नव्हती, आणि शाळेत कमी झालेलं नाही.

आता ही चाखण्याची भानगड काय ते सांगते. बाहेरच्यांना वाटतं जेल चालवणं म्हणजे दंडुका आणि कुलपं. तसं नसतं. हजारांवर माणसं रोज वेळेवर मोजायची, वेळेवर जेवू घालायची, आजारी कोण आणि आजाराचं सोंग कुणाचं ते ओळखायचं, कोर्टाच्या तारखेला माणूस उभा करायचा. आवाजावरून बराक ओळखायची. ओरडणाऱ्या बराकीची भीती नसते, गप्प बसलेल्या बराकीची असते. आणि या सगळ्याच्या मुळाशी जेवण. जेलातली निम्मी भांडणं ताटावरून पेटतात. म्हणून पद्धत अशी, की बादली बराकीत जायच्या आधी अधिकाऱ्यानं चाखायची. मीठ आहे का, डाळ शिजली का, किडकं तर नाही ना, कुणी काही मिसळलं तर नाही ना. मी नवी असताना माझ्या पहिल्या साहेबांनी मला पाकशालेत उभं करून सांगितलं होतं, "जो इनके पेट में जाएगा, पहले तेरे पेट में." मला ते फार आवडलं होतं. या नोकरीतलं एवढंच एक काम असं, की ज्यात मी आणि कैदी एकाच भांड्यातलं खातो.

नेमकं तेच सेठना नको होतं.

आधी चाललं होतं, कारण आधी त्यांना माहीत नव्हतं. इंदूरमध्ये मराठी आडनाव ऐकलं की लोक आपलं आपणच ठरवून टाकतात. मराठी, म्हणजे होळकरांच्या वेळचे कुणीतरी. पंडित, नाहीतर सरदार. माझ्या हाताखालचे उपअधीक्षक व्यासजी पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "आप लोग तो शुद्ध शाकाहारी होंगे." मी म्हणाले, मला तर मटण आवडतं. ते खो खो हसले. मॅडम चेष्टा करतात असं वाटलं त्यांना. मी काही सांगितलं नाही, काही लपवलंही नाही. आजोबा महूच्या छावणीत फौजेत होते, वडील परदेशीपुऱ्यातल्या मिलमध्ये. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मग महूच्या जयंतीचा एक फोटो फिरला. मी आणि आई, पांढऱ्या साड्या, मागे निळे झेंडे. कुणाच्या तरी मोबाईलवरून तो नातेवाईकांच्या भेटीच्या जाळीपर्यंत आला आणि जाळीतून बातमी आत गेली. आठवड्याच्या आत बादल्या परत आल्या.

त्या दिवशी वरिष्ठांना फोन केला. सामूहिक अन्नत्याग ही लहान गोष्ट नाही, कळवावंच लागतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"देखिए, एडजस्ट कर लीजिए. बात मीडिया में जाएगी तो आपका ही नाम आएगा. चखने के लिए व्यासजी हैं ना?"

"जी सर."

दोन शब्द. तोंडातून असे सुटले की जणू तयारच होते.

दुसऱ्या दिवसापासून व्यासजी चाखायला लागले. बराक जेवायला लागली. सेठनी मला निरोप पाठवला, धन्यवाद म्हणून. धन्यवाद! मी जेवणाच्या वेळी ऑफिसात बसायला लागले. बसल्या बसल्या काम काढायचे. पॅरोलचे कागद, डॉक्टरांची ड्युटी, पाण्याची मोटर. शिपायांना सगळं कळत होतं. पाकशालेतून फोडणीचा वास ऑफिसात यायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आई परदेशीपुऱ्यातच राहते, जुन्या घरात. रोज संध्याकाळी मी तिच्याकडून होऊन घरी जाते. तिचा रोजचा एक प्रश्न ठरलेला. चेष्टेतला.

"काय मग जेलर बाई, आज दाल कशी झाली होती?"

आणि मी सांगायचे. आज मीठ कमी होतं. आज मस्त होती. आज तूर नव्हती, मसूर होती. व्यासजींना विचारून ठेवायचे आणि आईला सांगायचे. ती खुश. शेजारणीला सांगायची, "इसके चखे बिना कोई रोटी नहीं तोड़ता." मी मान खाली घालून चहा प्यायचे.

असे बरेच दिवस गेले. मग एक दिवस फेरीवर असताना मागच्या नालीपाशी कैलास दिसला. हातात खराटा.

कैलास आमच्या पाकशालेतला मुख्य आचारी. जन्मठेपेचा कैदी. मेहुण्याला मारून आलेला, तिरसट, कुणाशी धड बोलायचा नाही. साधुसंत मुळीच नव्हता. पण ज्याच्या घरचे आजोबांच्या काळापासून नाल्या काढत आले, त्यानं जेलात येऊन कढईपाशी जागा मिळवली होती. ती त्याची कमाई होती. माझा विषय निघेपर्यंत त्याची जात कुणी विचारलीही नव्हती.

"इधर कैसे?" मी विचारलं.

"साहब ने कहा, इधर ठीक है."

"तूने कुछ किया?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल.

"मैंने क्या किया, मैडम. मैंने तो कुछ नहीं किया. आप भी तो हट गईं."

आणि परत नाली काढायला लागला.

मी व्यासजींना बोलावलं. वाटलं, ओरडावं. पण ते बिचारे खरंच चक्रावले होते. वाईट माणूस नाही तो. हेच तर वाईट आहे.

"मैडम, मैं इसको कैसे रखता? बैरक बोली, मैडम खुद समझ गईं, ये क्यों नहीं समझता. रास्ता तो आपने ही निकाला था."

रास्ता मी काढला होता. सेठनी नाही, वरिष्ठांनी नाही. त्यांनी नुसतं सुचवलं. चालून मी दाखवलं. मी एका पावलानं मागे सरकले, आणि माझ्या मागे जो उभा होता तो थेट गटारात गेला. माझं निदान ऑफिस तरी होतं बसायला. खुर्ची, पंखा, चहा. त्याला खराटा.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, आज दाल कशी झाली होती. मी सांगून टाकलं. सगळं. हात जोडलेले सेठ, जी सर, व्यासजी, कैलास. आई पोळ्या लाटत होती. तिनं गॅस बंद केला.

"म्हणजे इतके दिवस तू मला झूठ बोलत होती?"

"आई, तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटायचंच आहे ना ते! त्यानं नाही खाल्लं तर न खावो, मर्जी त्याची. तू कशाला उठली तिथून? तुला कोणी उठवलं?"

ती माझ्या पाठीवरून हात फिरवेल असं वाटलं होतं. तिनं गॅस परत लावला आणि माझ्याकडे पाठ करून उरलेल्या पोळ्या केल्या. बरं केलं. हात फिरवला असता तर मी रडले असते आणि दुसऱ्या दिवशी परत ऑफिसातच बसले असते.

सकाळी आधी कैलासला बोलावलं. नालीवरून उठवलं, आंघोळ करायला लावली, कढईपाशी उभं केलं. तो घाबरला होता. म्हणाला, "मैडम, रहने दो, मेरी शामत आएगी." मी म्हणाले, "आएगी तो पहले मेरी आएगी." व्यासजी दारात घुटमळत होते. मी त्यांना म्हटलं, आता तुम्ही गिनतीचं बघा, हे माझं काम आहे.

डाळ झाली. मी वाटी भरून घेतली. चमचाभर नाही, वाटीभर. सगळ्यांसमोर उभ्यानं प्यायले. जीभ पोळली. मग बादल्यांच्या मागोमाग मी स्वतः त्या बराकीत गेले.

"दाल मैंने चखी है," मी म्हणाले. "कैलास ने बनाई है. कल भी वही बनाएगा, कल भी मैं ही चखूँगी. जिसको नहीं खाना, नाम बता दे. डॉक्टर रोज़ देखेंगे, वज़न होगा, कोई कमी नहीं रहेगी. घर का खाना चाहिए तो कोर्ट में अर्ज़ी दो. दाल नहीं बदलेगी."

आवाज कापत होता. खोटं कशाला सांगू.

सेठ उठले. या वेळी हात जोडले नाहीत.

"बात ऊपर तक जाएगी, मैडम."

"जाएगी. मैं ही भेज रही हूँ."

काही जणांनी ताटं पुढे केली. न्यायासाठी नाही, भुकेसाठी. बऱ्याच जणांनी केली नाहीत. त्यांत आपल्याच समाजाची दोन-चार माणसंही होती, सेठच्या भीतीनं भिंतीकडे तोंड करून बसलेली. मला त्यांचा राग आला नाही. मी तर अधीक्षक असून इतके दिवस तशीच बसले होते.

ऑफिसात येऊन मी रिपोर्ट लिहिला आणि वर पाठवला. दुपारी फोन आलाच. वरिष्ठांचा आवाज आज शांत नव्हता.

"ये रिपोर्ट में आपने क्या लिखा है? छुआछूत? ये शब्द हटाइए. ऐसे शब्द सरकारी काग़ज़ पर शोभा नहीं देते."

"सर, शब्द मेरा नहीं है. काम उनका है."

"आप समझ नहीं रहीं. आपके भले की कह रहा हूँ. लिख दीजिए, भोजन की गुणवत्ता ठीक नहीं थी, इसलिए बंदियों ने नहीं लिया. दो दिन में मामला ख़त्म."

क्षणभर वाटलं, लिहावं. खरंच वाटलं. डाळीवर ढकललं की कुणालाच काही नाही. सेठ सुटले, व्यासजी सुटले, मीही सुटले. कैलासचं कुणी विचारणार नाही. त्याचा खराटा त्या नालीपाशी अजून तसाच टेकवलेला होता.

मी म्हणाले, "सर, दाल अच्छी थी. मैंने चखी है."

"फिर ट्रांसफ़र के लिए तैयार रहिए."

"जी सर."

तेच दोन शब्द. पण या वेळी माझी जीभ पोळलेली होती आणि मी ताठ उभी होते.

लाज गेलेली नाही. एवढ्यानं जाणारही नाही. ऑफिसात बसून काढलेले ते दिवस माझेच आहेत, ते मी कुणाच्या नावावर टाकणार नाही. बदलीचा आदेश आज येईल, उद्या येईल. रीवा, बालाघाट, झाबुआ, कुठेही पाठवा. तिथंही जेलच असेल. तिथंही भट्टी पेटेल, कढई चढेल, बादल्या भरतील. आणि कुणी हात जोडो की दात-ओठ खावो, पहिली वाटी मीच उचलणार.