अटीनुसार पूर्ण

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघे गावच्या जागृती थूलला लोक ‘कागदंवाली मॅडम’ म्हणतात. शाळा, पतसंस्था, दवाखाने यांचे जुने कागद कॉम्प्युटरवर शोधता यावेत अशी सॉफ्टवेअर ती बनवते. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर भैयाजी थूल यांची ही थोरली पोर, स्वभावानं काटेकोर. म्हणूनच सहा वर्षांपूर्वी आपण जे केलं, ते तिचं तिलाच खरं वाटत नाही.

हिंगणघाटच्या एका जुन्या शिक्षण संस्थेनं तेव्हा आपल्या शाळांची, मूल कधी दाखल झालं नि कधी शाळा सोडून गेलं हे लिहिलेली दाखल-खारीज रजिस्टरं स्कॅन करून घेतली होती. एक्केचाळीस हजार पानं. ती ठेवायला एका कंपनीची मोठी सिस्टिम आली, आणि बाबूनं नाव टाकलं की पान समोर यावं, एवढा भाग बनवायचं काम जागृतीला मिळालं. करारात एक अट होती : सगळं खुल्या मानकाप्रमाणे. म्हणजे माहिती ठरलेल्या पद्धतीनं त्या कागदालाच जोडून ठेवायची. उद्या कंपनी बदलली तरी दुसऱ्या कुठल्याही सिस्टिमला ती वाचता यावी.

सुरुवात तिनं तशीच केली. पण त्या पद्धतीनं मराठी नावांचा शोध अडखळायला लागला, एकेका नावाला मिनिट मिनिट जाई, आणि उद्घाटन आठवड्यावर आलेलं. तिनं आडवाट धरली. पानांवरून टाईप केलेली नावं आणि जन्मतारखा सर्व्हरवरच पण आपल्या वेगळ्या तक्त्यात ठेवल्या आणि त्या कंपनीच्या सिस्टिमनं पानांना दिलेल्या आतल्या नंबरांनी पानांशी जोडून दिल्या. दोन दिवसांत पान चुटकीसरशी यायला लागलं. पुढं सवडीनं नीट करू, असं स्वतःला सांगत तिनं शेवटच्या फॉर्मवर ‘अटीनुसार पूर्ण’ लिहिलं आणि सही केली.

हेडक्लार्क मधुकररावांनी फाईल न वाचताच मिटली. “तुही सही आहे म्हणजे पाहाचं काम नाई.”

ती सवड काही मिळाली नाही. खरं तर तिनं ती काढलीच नाही.

गेल्या वर्षी संस्थेनं सिस्टिम बदलली. नव्या कंपनीच्या प्रफुल नावाच्या इंजिनिअरनं खुल्या मानकानं जे जे मिळत होतं ते सगळं इमानदारीनं उचलून नेलं. पानं एकूणएक आली. नावं आली नाहीत, कारण ती तिथं नव्हतीच. जुना सर्व्हर तिच्या तक्त्यासकट पुसला गेला. वाळवी लागलेली रजिस्टरं तर स्कॅन झाल्याबरोबरच रद्दीत गेली होती.

ऑगस्टात मधुकररावांचा फोन आला. “त्या प्रफुलनं सारी नावं उडवून टाकली. मी त्याच्या साहेबाले लिहून देल्लं, काढलं त्याले कामावरून. तू येऊन पाह्य न जरा.”

काय झालंय ते जागृतीला फोनवरच कळलं. “येते सर,” एवढंच ती म्हणाली.

ऑफिसातल्या बाकावर देवकाबाई नावाची एक म्हातारी बसली होती, शेजारी तिची नात रूपाली. रूपालीला नर्सिंगला सीट लागली होती. पण जात पडताळणीसाठी पणजोबाची १९४१ सालची शाळेतली नोंद लागत होती, आणि हातात बाराच दिवस होते.

“माहे सासरे इथंच शिकले चौथीवरी,” देवकाबाई म्हणाली. “चंद्रभान वल्द फकिरा. नाव तं मी सांगून राह्यली, मंग काऊन सापडत नाई?”

जागृतीची स्वतःची जातीची व्हॅलिडिटी अशाच एका पानावर निघाली होती. तिच्या आज्याची ती एक ओळ मिळावी म्हणून भैयाजींनी रजा टाकून तीन गावच्या शाळा पालथ्या घातल्या होत्या. तिनं पानांची कॉपी घेतली, घरी आली आणि एकेक पान डोळ्यांनी वाचायला बसली. सगळ्या शाळांची, सगळ्या सालांची पानं एकात एक मिसळलेली.

तिसऱ्या दिवशी भैयाजी खुर्ची ओढून जवळ बसले. “चूक कोणाची आहे म्हणते?”

“त्या इंजिनिअरची म्हणतात.”

“लोकाईचं सोड. तू काय म्हणते?”

तिनं सगळं सांगितलं. भैयाजी रागावले नाहीत. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. “मले काऊन सांगते?” म्हणाले. “ज्यायले सांगाचं त्यायले सांग.”

दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “मी त्या माणसाले चारचौघात झापलं, जागृती,” ते म्हणाले. प्रफुलच्या कंपनीला दुसरं पत्र गेलं, त्यावर सही जागृतीची. तिनं त्याला फोनही केला. तो म्हणाला, “आठ दिवस मी माझंच काम तपासत होतो, मॅडम. चूक सापडेचना. मला वाटलं, मला कामच येत नाही.” त्याच्या कंपनीनं त्याला परत बोलावलं, पण तो गेला नाही.

चंद्रभानचं पान सोळाव्या दिवशी सापडलं. मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती, सीट गेली होती.

ते पान घेऊन जागृती देवकाबाईच्या घरी गेली. का उशीर झाला, कोणामुळं झाला, ते तिनं ओट्यावर बसूनच सांगितलं. रूपाली ऐकता ऐकता आत निघून गेली.

देवकाबाईनं विचारलं, “म्हणजे कागद होता, तुह्यामुळं सापडत नव्हता?”

“हो, आजी.”

“मंग आता बाकीच्यायचे सापडतीन का?”

“सापडतील. मी करून राह्यली.”

“सांगायले आली हे बरं केलं माय. पण पोरीचं वर्ष गेलं न.”

देवकाबाईनं पाणी दिलं, ते पिऊन जागृती उठली.

या वर्षी रूपालीला पुन्हा सीट लागली, वर्ध्यातच. जागृती अजून पानं वाचतेय. प्रत्येक नाव आता मानकाप्रमाणे त्या पानालाच जोडलेलं आहे. शोध थोडा हळू चालतो, तो तिनं तसाच राहू दिलाय. नऊ हजार पानं उरलीत. मागच्या महिन्यात वर्ध्याच्या बसस्टँडवर रूपाली दिसली, अंगात कॉलेजचा पांढरा ड्रेस. तिनं जागृतीला ओळखलं, जराशी मान हलवली आणि हिंगणघाटच्या बसमध्ये चढली. जागृतीलाही त्याच बसनं जायचं होतं. ती त्यानंतरच्या बसनं गेली.