येतो म्हण की!

घरातला पहिला कॉम्प्युटर दादानं आणला, मुंबईच्या काकांनी टाकून दिलेला. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर खेळाची कॅसेट लावायची. ती कॅसेट असली किंचाळायची की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंद करा रं त्ये रडगाणं!"

त्यात खेळण्यांचा एक खेळ होता. चावीचं अस्वल खोलीभर पळायचं आणि शिपाई, विमान, चेंडू, सगळे त्याच्या जिवावर उठलेले. मला त्याची भीतीच वाटायची. चावी संपत आली की अस्वलाची पावलं जड व्हायची. मग दादानं बटणं कितीही बडवली तरी ते जागेवर थांबायचं.

"मेलं!" मी एकदा ओरडले, ते नेमकं दिवेलागणीला. आईनं पाठीत धपाटा घातला. "जिभेला काय हाड हाय का न्हाय? तिन्हीसांजेला असलं बोलत्यात व्हय? 'येतो' म्हणायचं." घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, तसं. तेव्हापासून अस्वल पडलं की दादा त्याच्या वतीनं म्हणायचा, "येतो की!" आणि नवा डाव सुरू झाला की ते यायचंच.

यंदा दादाला भोवळ यायला लागली. शाहूपुरीत एक जिना चढताना तो कठडा धरून मध्येच थांबला. तसलं थांबणं मी पाहिलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके मंदावलेत, छातीत बॅटरी बसवू, छोटंसं काम आहे.

"चावी द्यायला चाललोय," दादा हसला. तो खेळ त्याला मोबाईलवर सापडला होता. दवाखान्यात कॉटवर बसून दिवसभर तेच. अस्वल थांबायचं आणि हा नवा डाव लावायचा. एकदाही 'येतो' म्हणाला नाही. मला ते फार खटकलं.

स्ट्रेचर आत नेताना त्यानं माझा हात दाबला. "जातो गं."

"जातो काय? येतो म्हण!" मी चिडूनच ओरडले. "दादा, येतो म्हण की!"

दार लागलं होतं. आतच त्याचे ठोके थांबले.

आई आता अंथरुणाला खिळलीय. दादा गेला हे तिला कितीदा सांगितलं, तिच्या डोक्यात राहत नाही. दिवा लावला की विचारते, "आत जाताना काय म्हणाला गं त्यो?"

"येतो म्हणाला, आई."

"मग ईल की," म्हणते आणि दाराकडं तोंड करून पडून राहते.