अर्ध्या अंगठीचं सोनं

मर्ल ट्रेझीसचं डोकं फिरवायचं असेल तर एवढंच म्हणायचं, "अगं, अंगठी दुकानातून विकत घे आणि मोकळी हो." मी एकदा म्हणून पाहिलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्या बेकरीची पायरी चढली नाही. पाव पेट्रोल पंपावरून घ्यायची आणि मुद्दाम माझ्या काचेसमोरून मिरवत न्यायची. पंपावरचा पाव म्हणजे नुसता कापूस, हे तिलाही ठाऊक होतं.

मी नोरीन. टॅरनब्रुक गावात माझी बेकरी आहे, आणि रविवारी बेकरी बंद ठेवून मी मर्ल आणि क्लॅरीबरोबर रानात सोनं शोधायला जाते. म्हणजे शोधतात ते दोघं. मी बसते आणि दोघांच्या चुका काढते. त्यालाही माणूस लागतंच.

खरा शोधणारा होता मर्लचा नवरा रॉस. कानाला हेडफोन, हातात धातू शोधायचं यंत्र, त्याची थाळी जमिनीवरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आयुष्यातले सगळे रविवार त्यानं असे झाडले. मर्ल गाडीजवळ घडीच्या खुर्चीत बसून विणायची आणि चहा द्यायची. संध्याकाळी रॉस जे काही आणेल ते जुन्या दातांच्या ब्रशनं घासून लखलखीत करायचं, हे तिचं काम. जे काही म्हणजे काय, तर कण. तांदळाच्या कणीएवढे. सगळे मुरंब्याच्या एका बाटलीत जायचे, आणि बाटलीचा तळ काही झाकायचा नाही.

त्यांची नात टेगन त्यांच्याकडेच वाढली. समोरचे दात पडलेले असताना ती रॉसच्या खांद्यावर बसून रानात यायची. त्या वयात तिला रॉसनं शब्द दिला होता, "तुझ्या लग्नातली अंगठी मी या जमिनीतून काढणार. दुसऱ्या कुणाच्या सोन्याला हात लावायचा नाही." आणि मग गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात रॉस गेला. बाटली तशीच राहिली.

टेगनचं लग्न नोव्हेंबरात ठरलं तशी मर्ल बाटली घेऊन बेंडिगो शहरातल्या सोनाराकडे गेली. त्यानं कण तोलले, पुन्हा तोलले आणि म्हणाला, "बाई, यात अर्धी अंगठी होईल."

"मग नवराही अर्धाच बोलावू का?" म्हणून मर्ल बाटली उचलून परत आली. दुसऱ्या दिवशी तिनं शेडमधून रॉसचं यंत्र काढलं.

टेगननं फोनवरून खूप समजावलं. "आजी, मला पितळेची चालेल गं."

"तुला चालेल. तुझ्या आजोबांना चालणार नाही," मर्ल म्हणाली. विषय संपला.

आता सांगायला नको, पण पहिले दोन महिने तिनं या रानातले खिळे तेवढे गोळा केले. खिळे, छर्रे, घोड्याचा नाल, सार्डिनच्या डब्याचं झाकण. यंत्राचा सूर चढला की खणायचं, मग तो कसलाही असो, हा रॉसचा नियम. ती गुडघे धरून बसायची, खणायची, काय निघालं ते बघायची, खड्डा बुजवायची आणि कुणाचं तरी नाव घेऊन शिवी द्यायची. बहुतेक वेळा रॉसचं.

क्लॅरी पॅस्को हा रॉसचा जुना जोडीदार. आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरली, लग्न केलं नाही, आणि तोंडाला कधी कुलूप घातलं नाही. त्याचं नशीब जोरावर. जिथे लघवीला थांबेल तिथेही त्याला सोनं सापडेल. पण कुठे सापडलं विचारा, म्हणेल, "जमिनीत." अर्थात तो एकटाच तसा नाही. आमच्याकडे सोन्याची जागा कुणी खरी सांगत नाही. पूर्वेला सापडलं तर पश्चिमेला सांगायचं. माणूस मरायला टेकला तरी बायकोला शेजारचा ओहोळ सांगून जातो. त्याला आम्ही खोटं बोलणं म्हणत नाही, रीतच आहे.

लग्नाला तीन आठवडे उरले तरी बाटलीत भर म्हणून दोनच कण पडले होते. मर्ल बोलायची कमी झाली. ती ओरडत असली की मला काळजी नसते, गप्प झाली की मला झोप लागत नाही.

त्या रविवारी आम्ही तिघं क्लॅरीच्या पिकअपमधून नेहमीच्या ओहोळावर गेलो. आयर्नबार्कच्या झाडांमधली ती मोकळी जागा, सगळं गाव तिथेच गाड्या लावतं, तिथेच शेकोटी, तिथेच चहा. मी खुर्ची मांडली. मर्लनं नेहमीच्या सवयीनं बुटाच्या टाचेनं जमिनीवर रेघा ओढल्या, आणि एकेका पट्ट्यातून थाळी फिरवत निघाली. क्लॅरीनं स्वतःचं यंत्र गाडीतून काढलंच नाही. वर तोंड बंद. मी म्हटलं, "काय रे, दात दुखतोय?"

"छे. अगं मर्ल, त्या वाकड्या झाडाकडे बघितलंस का?"

"येतेय तिकडेच. घाई काय आहे?"

"घाई कसली? सहज आपलं."

थोड्या वेळानं पुन्हा, "वाकड्या झाडापाशी कसं वाटतंय?"

वाकड्या झाडापाशी मर्लच्या यंत्राचा सूर चढला. ती वाकली, दोनदा कुदळ मारली आणि मूठभर माती उचलून बोटांनी चाळली. मी धावत गेले. तिच्या तळव्यावर वाटाण्याएवढा सोन्याचा गोटा होता, गुळगुळीत, चमकणारा. मला आनंदानं रडूच आलं. मर्लचा चेहरा मात्र दगडासारखा.

"क्लॅरी," ती म्हणाली, "इकडे ये."

तो आला. टोपी हातात घेऊन आला, यातच सगळं आलं.

"या ओहोळाचं सोनं मी सगळा जन्म घासलंय. ते खडबडीत असतं, काटेरी, भेगांत गारगोटी अडकलेली. ब्रशचे केस तुटायचे माझ्या. हे नदीतलं आहे. पाण्यानं गोल झालेलं. हे तुझं आहे, उत्तरेतून आणलेलं. कधी पुरलंस?"

"काल संध्याकाळी," क्लॅरी पुटपुटला.

"माझ्या जमिनीत सोनं पेरतोस? निकामी जमीन सोनं पेरून ज्याच्या गळ्यात मारतात, तसं भोळं गिऱ्हाईक समजलास मला?"

"अगं, पोरीची अंगठी होईल म्हणून..."

"पोरीच्या अंगठीसाठी रॉसनं शब्द दिला होता. तुझ्या दयेवर करायची असती तर दुकानं काय कमी होती? चालता हो. गाडी घे आणि चालता हो इथून."

मर्लचा आवाज रानात घुमला. क्लॅरी बिचारा खरंच जाऊन पिकअपमध्ये बसला, गाडी चालू केली आणि मागे घेतली. तेव्हा मी म्हटलं, "मर्ल, आपण त्याच्याच गाडीतून आलोय. घरी काय चालत जायचंय?"

क्लॅरीनं पुढे जावं की थांबावं न कळून गाडी तिथेच, रस्त्याच्या तोंडाशी बंद केली. आणि मर्ल त्याला आणखी चार गोष्टी ऐकवायला तरातरा निघाली, यंत्र तसंच हातात चालू. गाडी आधी उभी होती त्या जागेवर पाय ठेवते तोच यंत्र किंचाळायला लागलं.

किंचाळणारच. तिथे कुणी कधी यंत्र फिरवत नाही. गाडीच्या लोखंडानं यंत्र वेडं होतं, आणि खाली पिढ्यानपिढ्यांच्या बियरच्या बाटल्यांची बुचं. पण रागावलेल्या माणसाला काहीतरी करायला हवं असतं. मर्ल गुडघ्यावर बसली आणि खणायला लागली.

"हे बघ, तुझं," म्हणत तिनं पहिलं बूच क्लॅरीच्या अंगावर फेकलं. "हेही तुझं. आणि हे. लाज नाही वाटत? रान आहे की उकिरडा?"

"त्यातली निम्मी रॉसची आहेत," क्लॅरी खिडकीतून म्हणाला.

"रॉसचं नाव घेऊ नकोस."

बुचं, चांदीचा कागद, तंबूचा खुंटा. क्लॅरी खाली उतरून मुकाट्यानं सगळं गोळा करत होता. मग यंत्र गप्प झालं. तिनं थाळी एकदा फिरवली, पुन्हा फिरवली आणि हात वर केला. मीही ऐकलं. खालून, खूप खालून, हलका सूर येत होता. पेंगुळलेलं माणूस हुंकार देतं तसा.

"खिळा असेल," ती म्हणाली.

"असेल," क्लॅरी म्हणाला. पण कुदळ त्यानंच आणून दिली.

मर्ल कोपरापर्यंत खड्ड्यात गेली. पिवळी चिकणमाती लागली. तिनं ढेकूळ वर काढलं, थुंकी लावून अंगठ्यानं चोळलं. चोळता चोळता तिचं बोट कापलं. काटेरी, खडबडीत, भेगांत गारगोटी. अर्धवट चावलेल्या बिस्किटाएवढं.

मग मर्ल हसायला लागली. तिथेच मातीत बसून, पोट धरून, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"माझी खुर्ची," ती म्हणाली. "माझी खुर्ची इथेच असायची, नोरीन. हा बाबा डोंगर पालथे घालत होता, आणि मी यावर बसून त्याचे मोजे विणत होते. रॉस, अरे गाढवा."

आम्ही तिघंही रडलो आणि हसलो. चहा गार झाला. मग खड्डा बुजवायची वेळ आली, कारण खड्डा उघडा टाकणाऱ्याशी आमच्याकडे कुणी बोलत नाही. मर्लनं क्लॅरीचा वाटाणा त्याच्यापुढे धरला.

"घे तुझं."

"मी दिलेलं परत घेत नाही."

"मी घेतलेलंच नाही, तर परत कसलं?"

"मला नको."

"मलाही नको," म्हणून तिनं तो खड्ड्यात टाकला आणि पायानं माती लोटली. क्लॅरीनं आ वासला, पण मोडता घालायची त्याची हिंमत झाली नाही.

लग्नात टेगननं ती अंगठी बोटातून काढून सगळ्या गावाला दाखवली. बाटलीतले रॉसचे कणही त्यातच वितळवले होते. सभागृहात एकच प्रश्न, "मर्ल, कुठे मिळालं?" आणि मर्लनं, शेरीचा दुसरा प्याला हातात घेऊन, खरं सांगितलं. "ओहोळावर आपण गाड्या लावतो ना, तिथे. बरोबर मध्ये."

सगळे खदाखदा हसले. "नको सांगूस बाई, पण थापा तरी बऱ्या मार," कुणीतरी ओरडलं. त्यांच्या रविवारच्या गाड्या अजून तिथेच लागतात.

विश्वास फक्त टेगननं ठेवला. मधुचंद्राला निघण्याआधी मर्लनं तिला तिथे नेलं, मीही होते आणि गाडी चालवायला क्लॅरी. टेगनच्या केसांत अजून कालची फुलं होती. मर्लनं टाचेनं जमिनीवर ठोकलं.

"इथे खाली आणखी एक आहे. तुझी पोर लग्नाची झाली की काढ. ते मात्र तुझ्या आजोबांचं नाही, क्लॅरी आजोबांचं आहे, हे तिला नीट सांग."

क्लॅरी एकदम गाडीचं बॉनेट उघडून इंजिनात डोकं घालून उभा राहिला. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.